सुई झिजेल

ज्या वर्षी आमच्या ओळखीतल्या झाडून सगळ्या माणसांनी तबकड्या काढून टाकून कॅसेटी घेतल्या, त्याच वर्षी मला तबकड्यांचा नाद लागला. ऑफिसातल्या एका बाईंनी घरातली अडगळ म्हणून सात तबकड्या माझ्या गळ्यात मारल्या. त्यांत जुन्या नाट्यगीतांची एक होती. लहानपणी शेजाऱ्यांच्या खिडकीतून ती मी तुकड्यातुकड्यांनी ऐकलेली. एकदा तरी पहिल्यापासून शेवटपर्यंत, दोन्ही बाजू, बसून ऐकायची, एवढीच माझी हौस. पण घरात प्लेअर नव्हता.

बोनस हातात आला तेव्हा मी घरात विषय काढला. झालं! चारकोपच्या आमच्या दीड खोलीत समिती बसली. सासरे गिरणीतून निवृत्त झालेले, आयुष्यात भोंग्याखेरीज काही लक्ष देऊन ऐकलेलं नाही. नवऱ्याला एक गाणं संपून दुसरं लागलं हे मध्ये जाहिरात आली तरच कळायचं. तिसरा शेजारचा तज्ज्ञ. तज्ज्ञ अशासाठी, की त्याच्या दुबईच्या मेव्हण्याकडे हेडफोन होते. सासूबाई भाकऱ्या थापत होत्या. त्यांना कोणी काही विचारलं नाही. मीही नाही.

"वहिनी, स्टिरिओच घ्या," तज्ज्ञ म्हणाला. "इकडे एक स्पीकर, तिकडे एक, मध्ये तुम्ही. झकास!"

आमच्या खोलीत दोन स्पीकर ठेवले असते तर मध्ये मी मावले नसते. शिवाय बोनस माझा होता, त्याच्या मेव्हण्याचा नव्हे.

मालाडच्या एका दुकानात कॅसेटवाल्या झालेल्या लोकांचे जुने प्लेअर रांगेने मांडलेले होते. समिती कामाला लागली. सासऱ्यांनी प्रत्येकाचं लाकूड टकटक ठोकून पाहिलं, नारळ घेतात तसं. नवरा बटणं मोजत होता. तज्ज्ञ प्रत्येक प्लेअर उलटा करून कुठे जपानचं नाव सापडतंय का ते बघत होता. यंत्र लावून ऐकावं, असं तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मी पिशवीतून माझी तबकडी काढली आणि दुकानदाराला म्हटलं, हीच सगळ्यांवर लावा. पहिल्यावर गाणारीला बस पकडायची घाई असावी असा वेग. दुसऱ्यात गाण्यापेक्षा घरघर जास्त. तिसरा बॅगेसारखा बंद होणारा, झाकणातच स्पीकर, रंग उडालेला. पण आवाज स्वच्छ, आणि सुईचा दांडा तबकडीवर अलगद टेकत होता. नवी सुई त्याच दुकानात मिळत होती. मी तो घेतला.

"वाट लागली," तज्ज्ञ म्हणाला. "हा तर डबा आहे."

"अगं, निदान बटणं तरी बघ," नवरा म्हणाला.

घरी येताच डब्याला बढती मिळाली. शोकेसवर जागा, अंगावर क्रोशाचा रुमाल. सासऱ्यांनी फर्मान काढलं की पाहुणे आले तरच लावायचा, नाहीतर सुई झिजेल. पाहुणे येत, सासरे पहिलं गाणं लावत, मी आत चहा गाळत असे. ट्रे घेऊन बाहेर येईपर्यंत सासऱ्यांनी सुई उचललेली. "काय आवाज आहे, बघितलंत? आम्ही पारखून घेतला," ते सांगत. आम्ही!

दर रविवारी मी प्लेअर पुसायची आणि विचारायची, "बाबा, आज लावू?"

"सुई झिजेल गं."

मग नवरा हळूच म्हणायचा, "जाऊ दे ना. पुढच्या रविवारी लाव." असे आठ महिने गेले. मीही अशी गुणी, की रुमाल पुन्हा नीट घालायची.

मजा म्हणजे, एवढं जपूनही माझ्या तबकडीची खरखर वाढत चालली. तज्ज्ञाने व्होल्टेजला दोष दिला, नवऱ्याने खाडीच्या दमट हवेला. सासऱ्यांनी पाहुण्यांनाही अर्ध्या गाण्यावर आणलं.

शेवटी मी एका बुधवारी चोरून अर्ध्या दिवसाची रजा टाकली. दुपारी सासरे मंडळाच्या ऑफिसात पत्ते कुटायला जात, सासूबाई झोपत असाव्यात. जिना पावलं न वाजवता चढले, जणू दुसऱ्याच्या घरात शिरत होते. दाराशी पोचले तर आतून माझीच तबकडी ऐकू येत होती.

सासूबाई जमिनीवर पाय पसरून, भिंतीला टेकून बसल्या होत्या. रुमाल शेजारी चौकोनी घडी करून ठेवलेला. मला बघून त्या दचकल्या नाहीत. गाणं संपल्यावर उठल्या, सराईत हाताने सुई उचलली.

"रोज लावता?" मी विचारलं.

"रोज. तुमी सगळी भायर पडलास काय लावतंय."

मला रडू येईल इतका राग आला. "आई, पैसे माझे, निवड माझी, आणि आठ महिन्यांत मी एक बाजू धड ऐकली नाही. मला का नाही कोणी ऐकू देत?"

त्यांनी तबकडी उलटली, पदराने पुसली, आणि मला बसायला जागा केली.

"तू इचारीत रवलंस," त्या म्हणाल्या. "मी इचारूकच नाय."