दुर्गाची च-ची भाषा

“‘कमळ’ म्हण. आता ‘कमळ’मधला पहिला आवाज काढून टाक. काय उरलं?” केंद्रप्रमुख मॅडमनी विचारलं.

दुसरीतली दुर्गा फरशीकडं बघत राहिली.

मॅडम मला व्हरांड्यात घेऊन गेल्या. “सर, हिच्यापुढं अक्षरं लिहून उपयोग नाही. आधी कानाचं काम करून घ्या.”

कानाच्या कामाला आमच्याकडं ध्वनी जागरूकता म्हणतात. नाव जड, गोष्ट साधी. बोललेला शब्द आवाजांचा बनलेला असतो, ते आवाज सुटे करता येतात, पुन्हा जोडता येतात. हे मुलाला आधी ऐकू यावं लागतं. त्याला पाटी-पेन्सिल लागत नाही. ते ऐकू आलं नाही तर फळ्यावरचा ‘क’ हे नुसतं चित्र राहतं.

मी टाळ्या वाजवून शब्द तोडले. प्रत्येक आवाजाला एक चिंचोका मांडला. बाकीची तेवीस मुलं ओरडून उत्तरं द्यायची. दुर्गा गप्प.

इकडं तिच्या आईनं, शेवंताबाईंनी, सरळ सांगून ठेवलं होतं, “गुरजी, दिवाळी झाली की आमी ऊसतोडीला जाणार. दुर्गीला वाचाय आलं तर ठिवते तिच्या आत्याकडं. न्हाई तर बारक्याला सांभाळाय नेते. हितं नुसतं बसून काय करायलीय?”

एकदा साखरकारखान्याकडं गेलेलं मूल उन्हाळ्यात परततं. तोवर वर्ष संपलेलं असतं.

एका दुपारी खिचडी वाटायची पाळी माझी होती. दुर्गा मैत्रिणीशी तावातावानं भांडत होती. मी जवळ जाताच ती पुटपुटली, “चपग चसब, चरजीगु चलेआ!”

मैत्रीण लगेच गप्प झाली. माझ्या हातातला डाव तसाच राहिला.

ही च-ची भाषा. शब्दाचं पहिलं अक्षर उचलायचं, शेवटी नेऊन ठेवायचं आणि पुढं ‘च’ लावायचा. गप बस, गुरजी आले. म्हणजे प्रत्येक शब्दाला ही पोरगी पहिला आवाज तोडत होती, लक्षात ठेवत होती, शेवटी जोडत होती. तेही भांडणाच्या वेगात. मॅडमनी विचारलं होतं त्यापेक्षा हे कितीतरी अवघड. मी मनातल्या मनात करून बघितलं, तर तिसऱ्या शब्दाला अडखळलो.

“कुठं शिकलीस गं?”

“कोपीवर. समद्या पोरी बोलत्यात.” कोपी म्हणजे ऊसतोडीवाल्यांची पाचटाची झोपडी.

मी तिचं नाव विचारून बघितलं, “चझंतु... चवना... कचया?”

दोघी खिचडी सांडेस्तोवर हसल्या. “चयका, गुरजी! लय कच्चे हाव तुमी.”

दुसऱ्या दिवसापासून आमचा तास उलटा झाला. मी म्हणायचो ‘पाणी’, ती म्हणायची ‘चणीपा’. “शेवटी काय नेऊन ठेवलंस?” “पा.” मग मी फळ्यावर ‘पा’ लिहायचो. आवाज तिचा, अक्षर माझं. अक्षरं तिच्या अंगवळणी पडत गेली. जोडाक्षरं तेवढी अडत होती.

दिवाळीनंतर शेवंताबाई बारक्याला काखेत घेऊन आल्या. बाहेर मुकादमाचा ट्रक उभा होता. दुर्गानं बोट ठेवून धडा वाचला.

“पाठ केलं आसंल,” आई म्हणाली.

“मग तुम्ही शब्द सांगा, मी लिहितो.”

त्यांनी माझ्या कानाशी येऊन हळूच सांगितलं, “लसूण.” मी लिहिलं. दुर्गानं बघितलं, ओठ हलवले. “ल... सू... ण. लसूण!”

शेवंताबाईंनी फळ्याकडं बघितलं, मग पोरीकडं. त्या कधी शाळेत गेलेल्या नव्हत्या.

दुर्गानं माझ्याकडं चोरून पाहिलं आणि आईला भरभर विचारलं, “चईआ, चमी चहूरा?”

आई क्षणभरही थांबली नाही. “चहारा. चणप चडूर चकोन.”

राहा. पण रडू नको. मी ‘नको’पर्यंत पोचलो, तोवर त्या ट्रककडं निघाल्याही होत्या. पोटच्या पोरीला मागं ठेवताना त्या बाईनं एकही आवाज जागचा चुकवला नव्हता.

दुर्गा आता तिसरीत आहे, आत्याकडं. चाचणी आजही मी वर्गातच घेतो. पण खिचडीची पाळी मात्र कुणालाही देत नाही; पोरं आपसांत काय बोलतात ते तिथंच ऐकू येतं.