मामांचा केना

माझ्या बायकोच्या मामांइतका एका फुलाच्या नादी लागलेला माणूस अख्ख्या मुलुंडमध्ये दुसरा सापडणार नाही. गुलाब-मोगऱ्याकडे ते ढुंकूनही बघत नाहीत. त्यांचा जीव जडलाय केनावर. पावसाळ्यात भिंतीच्या कडेला आपसूक उगवणारं हे तण. फूल नखाएवढं, गर्द निळं. दोन पाकळ्या उंदराच्या कानांसारख्या वर आणि तिसरी खाली, फिकट, लाजल्यासारखी. सकाळी उमलतं आणि दुपार व्हायच्या आत मिटून विरघळतं. म्हणून पावसाळाभर मामा सकाळची कुठलीच आमंत्रणं घेत नाहीत, दाताच्या डॉक्टरकडेसुद्धा संध्याकाळची वेळ मागतात. सोसायटीचा माळी तण काढायला आला की हे पंपाच्या खोलीमागे ठाण मांडतात. "तू तुझं काम कर रे, मी नुसता बसलोय," म्हणतात आणि केनाच्या बरोबर मध्ये बसतात.

मामांची मुलगी, म्हणजे माझी मामेमेहुणी, आणि तिच्या ऑफिसातला एक मुलगा, दोघांनी आपसांत लग्नाचं ठरवलं होतं. फक्त मुलाच्या आईचा होकार बाकी होता. मुलाकडची मंडळी गेल्या पावसाळ्यात एका रविवारी घाटकोपरहून आली. मामींनी आधीच बजावलं होतं, "अहो, आज त्या गवताचं नावसुद्धा काढायचं नाही हं." मामा पोह्यांपर्यंत गप्प राहिले. मग घड्याळाकडे बघून म्हणाले, "चहा नंतरही मिळेल. आधी खाली चला, मिटायची वेळ झाली."

काय मिटायचंय ते पाहुण्यांपैकी कुणालाच कळेना, पण सगळे उठले. मुलाची आई मूळची मालवणकडची. बाईंनी खाली येऊन फूल पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्यां केना मां? शेतात उपटून उपटून कंबर मोडायची आमची."

मामेमेहुणीचा चेहरा उतरला. मामींनी डोळे मिटून घेतले. मामा मात्र उकिडवे बसले आणि घराच्या किल्लीने माती उकरू लागले. मुळाशी बारीक, पांढुरकी फुलं होती. "ही कधी उमलतच नाहीत, ताई. मातीतल्या मातीतच बी धरतात. वरचं उपटलं तरी खाली ह्याचा संसार चालू."

बाई वाकून बघत राहिल्या. मग साडी सावरून तिथेच ओल्या जमिनीवर बसल्या. "इतकी वर्षां उपटलंय," त्या हळूच म्हणाल्या, "पण खाली काय असतां ता कधी बघूक नाय." त्यांची आई याच पानांची भजी करायची, हे मुलालाही त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. वर आल्यावर गार झालेला चहा पिता पिता त्यांनी होकार दिला.

थंडीत लग्न झालं. यंदा पावसाळ्यात आम्ही गेलो तर मामा खाली पंपाच्या खोलीमागे होते आणि शेजारी चक्क मामी. मला नवल वाटलं.

"मला अजून त्या फुलात काय आहे ते कळत नाही," मामी पदराने हात पुसत म्हणाल्या. "पण पोरगी सासरी गेल्यापासून घर फार मोठं झालंय रे. वर एकटीने बसून काय करू?"