वळसा घालून गेलेली वायर

लालबागला आमच्या मजल्यावर वीस खोल्या. माझी पहिली, जिन्याला लागून. वयनींची विसावी, संडासाच्या बाजूची. आणि मधोमध, अकराव्या खोलीत, तो.

वयनी काही माझ्या नात्यातल्या नाहीत. गिरणीत आमच्या ह्यांच्या शेजारच्या साच्यावर, म्हणजे मागावर, त्यांचे मालक होते. मालवणी माणसं, म्हणून वहिनीची वयनी झाली ती कायमची. दुपारी माझ्याकडे चहा, संध्याकाळी त्यांच्याकडे. गिरण्यांचा संप लागला तेव्हा माझी खानावळ होती, बारा माणसं जेवायची. सहा महिन्यांत बाराची तीन झाली, बाकीची गावी गेली. मी शेगडी उलटी करून ठेवली आणि त्या दिवशीसुद्धा वयनीच येऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "चल, आता तरी दुपारची झोप काढशील."

आणि तो? तो संपात कामावर गेला. पोलिसांची जाळीची गाडी यायची, तीत बसून गेटाच्या आत. आमची माणसं बाहेर उभी. तेव्हापासून त्याचं नाव गेलं, तो गाडीवाला झाला. पोरं त्याच्या दारासमोर तोंडाने हॉर्न वाजवायची. नळावर त्याच्या बायकोची बादली सगळ्यात मागे. त्याची आई वारली तेव्हा खांदा द्यायला चाळीतलं एक माणूस पुढे झालं नाही. त्याने दादरहून मेव्हण्याला आणि शीव कोळीवाड्यातून दोन ओळखीचे कोळी बोलावले, ते येईपर्यंत म्हातारी चार तास दारात होती. मी गॅलरीत तांदूळ निवडत होते. खोटं कशाला बोलू, निवडून झालेलेच परत निवडत होते, कारण आत गेले तर बघायला मिळालं नसतं.

तो का गेला कामावर, ते कोणी विचारलं नाही. मीही नाही.

वयनींचे मालक संपानंतर खंगले. आधी हमाली केली, मग तीही होईना. एक दिवस भिंतीला टेकून बसले ते तसेच. त्यांचा गिरणीचा पास वयनींनी देवाच्या फोटोमागे ठेवलाय. वयनींना लिहितावाचता येत नाही. फक्त त्या पासावरचं मालकांचं नाव त्यांना ओळखता येतं. अक्षरं वेगळी काढून दाखव म्हटलं तर नाही येणार, पण अख्खं नाव दिसलं की बरोबर बोट ठेवतात.

मी चौथी पास. खानावळ बंद झाल्यावर केबलच्या धंद्यात शिरले, ह्यांच्या चुलतभावाबरोबर. तो गावी गेला, धंदा माझ्या गळ्यात. पुढे टीव्हीच्या वायरीबरोबर नेटची वायर आली. मोठ्या केबलवाल्याकडून एक लाइन घ्यायची आणि चाळीत वाटायची. लॅमिंग्टन रोडवर दुकानात उभी राहून मी शिकले. दुकानदार म्हणायचा, "मावशी, घरी कोणी पुरुष माणूस नाही का पाठवायला?" मी म्हणायची, "आहे ना. पण त्याला रंग कळत नाहीत." त्या वायरीत आठ तारा असतात, आठ रंगांच्या, त्या ठरल्या क्रमाने टोपीत बसवून दाबायच्या. एक चुकली की सगळी वायर मेली.

तर वायर टाकायची वेळ आली. माझ्या खोलीपासून वयनींच्या खोलीपर्यंत गॅलरीतून सरळ गेली असती तर सत्तर मीटर. मी खिळे घेऊन स्टुलावर चढले, आणि हे म्हणाले, "त्याच्या दारावरून जायची नाही."

"वायर आहे ती. त्याला कनेक्शन देत नाहीये मी."

"दारावरून जायची नाही म्हणजे नाही. वीस खोल्यांचं नेट काय त्याच्या चौकटीला धरून चालायचं?"

ह्यांचं एकट्याचं असतं तर मी ऐकलं नसतं. पण मजल्यावरचे सगळेच माना डोलवत उभे होते, आणि मलाही ते आतून पटलं होतं. मग दहाव्या खोलीपाशी वायर खाली उतरवली, चौकाला वळसा घातला, पलीकडच्या जिन्याने वर चढवली आणि बाराव्यापासून पुढे नेली. झाली एकशेतीसच्या वर. आता शंभर मीटरच्या पुढे ही वायर दमते. अर्धं पोचतं, अर्धं वाटेत सांडतं, मग सांडलेलं परत मागवावं लागतं. मधे जिन्याखाली एक डबी लावली जोर द्यायला, तर उंदरांनी आणि नळाच्या पाण्याने मिळून ती महिन्यात खाल्ली. पलीकडच्या नऊ खोल्या रोज माझ्या नावाने शंख करायच्या.

त्यावर मी उपाय काढला आणि मला त्याचा फार गर्व झाला. आपल्याकडे आगोट भरतात ना, पावसाच्या आधी सुकट, मीठ, चिंच, तांदूळ? बाजार बंद असला तरी घरातून काढायचं. तसंच नेटचं करता येतं. एक जुना कॉम्प्युटर घ्यायचा, त्यात मोठी डिस्क घालायची आणि तो पलीकडच्या टोकाला बसवायचा. कोणी एखादं पान मागितलं की तो डबा एकदाच ते लांबून आणतो आणि स्वतःजवळ प्रत ठेवतो. पुढच्या वेळी तेच पान कोणीही मागितलं की घरातल्या घरात, चुटकीसरशी. गणपतीच्या आरत्या, पोरांचे फॉर्म, सिनेमाचे तुकडे, सगळे तेच तेच मागतात. डबा बसवला वयनींच्या खोलीत, माळ्याखाली. त्यांनी आनंदाने जागा दिली. वर कॉम्प्युटरचा एक जुना पडदा जोडून दिला, म्हटलं तुम्हीही बघा. त्या म्हणायच्या, "माजी सवत बसली हा माळ्याखाली. रातभर घरघरता."

पण एक मेख होती. तो डबा प्रत देण्याआधी दर वेळी मूळ ठिकाणी विचारून घेतो, पान बदललं का? बदललं असेल तर नवीन आणतो. त्या विचारण्यातही लाइन खाल्ली जायची. एवढ्या दमलेल्या वायरीवर विचारायला जाऊन उत्तर येईपर्यंत माणूस ताटकळायचा. तर मी ते विचारणंच बंद केलं. एकदा ठेवलेली प्रत महिनाभर तीच द्यायची, असं सांगून टाकलं त्याला. पलीकडच्या नऊ खोल्या खूश. नेट पळायला लागलं. मी गॅलरीतून मान ताठ करून फिरायला लागले.

त्याच सुमाराला गिरणी कामगारांच्या घरांची सोडत निघाली. वयनींनी मालकांच्या नावाने अर्ज भरला होता. मुख्य यादीत नाव आलं नाही. पण मागे थांबलेल्यांचीही एक यादी होती. पुढचा कोणी बाद झाला की मागचा वर सरकायचा, आणि ते नेटवरच्या त्याच पानावर बदलून टाकायचे. पत्रही यायचं म्हणे, पण अर्जावर वयनींनी गावचा पत्ता दिला होता, आणि गावच्या घराला कुलूप.

दर गुरुवारी मी त्यांच्या खोलीत जाऊन ते पान उघडायची. माझ्या खोलीत थेट लाइन होती, तिथे बघून सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण वयनींना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असायचं. देवामागचा पास काढून हातात धरायच्या आणि पडद्याला नाक लावून एकेक ओळ खाली यायच्या.

"माजा नाव इला काय गो?"

"नाही वयनी."

"जाता खंय? येतला."

पुढच्या गुरुवारी तेच. मी बघतेय आणि मला कळत नाही, की आम्ही दोघी तेच एक पान पुन्हा पुन्हा बघतोय.

मे महिना होता. मी दारात बसून वायरींना टोप्या लावत होते. चौथ्या खोलीतली शेजारीण माझ्या बाजूला सुकट साफ करत बसली होती, डोकी-शेपट्या मोडून. तेवढ्यात अकराव्यातून तो आला आणि उंबऱ्यापासून चार हात लांब उभा राहिला. म्हातारा झाला होता. हातात एक छापलेला कागद.

"वहिनी, एक सांगायचं होतं."

तीसेक वर्षांनी तो माझ्याशी पहिल्यांदा बोलला. मी मान वर केली नाही. शेजारणीला विचारलं, "काय गं, कोणी बोललं का? मला तर गाडीचा हॉर्न ऐकू आला."

ती तोंडाला पदर लावून हसली. तिच्या मांडीवरची सुकट सांडली.

तो म्हणाला, "विसाव्या खोलीतल्यांचं नाव वर आलंय. माझ्या मुलीने तिच्या ऑफिसात बघितलं. कागद द्यायला शेवटची तारीख लिहिलीय. मी त्यांच्याकडे गेलो होतो, त्या दार उघडत नाहीत. तुम्ही सांगा त्यांना."

"यादी आम्ही दर गुरुवारी बघतो," मी शेजारणीकडे बघूनच बोलले. "नाव नाहीये. आता ह्यांच्याकडून आम्ही याद्या ऐकायच्या. संपात कुठली यादी दिली होती पोलिसांना, ती आण म्हणावं आधी."

त्याने कोणाचीही यादी दिली नव्हती. ते मला माहीत होतं. पण जिभेवर आलं आणि छान बसलं, म्हणून बोलले.

 तो वाकला, कागद माझ्या उंबऱ्याजवळ ठेवला, उडू नये म्हणून त्यावर माझीच पक्कड ठेवली आणि गेला. शेजारणीने विचारलं, "बघू या का गं?" मी म्हटलं, "त्यात काय बघायचंय." कागद उचलला, तिच्या सुकटीची डोकी त्यात गुंडाळली आणि कचऱ्यात टाकली.

पुढे तीन-एक आठवड्यांनी डब्याची डिस्क भरली. मी सगळ्या जुन्या प्रती पुसल्या आणि चालतंय का बघायला वयनींचंच पान उघडलं. डब्याला पहिल्यांदा लांब जाऊन नवीन पान आणावं लागलं. वयनी शेजारी होत्या, पास त्यांच्या हातात नव्हता. तरी त्यांनी बोट ठेवलं.

"ह्या बघ! इला! बाय गो, इला!"

त्यांनी मला मिठी मारली. मी त्यांच्या खांद्यावरून पडद्याकडे बघत होते. नावापुढे तारीख होती. नऊ दिवसांपूर्वीची.

आम्ही दुसऱ्या दिवशी कचेरीत गेलो. वयनींनी हिंदमाताला घेतलेलं नवीन लुगडं नेसलं होतं. खिडकीतला माणूस चांगला होता, त्याने तीनदा बघितलं. म्हणाला, "आजी, मुदतीत कोणी आलं नाही. पुढच्याला गेलं." वयनी म्हणाल्या, "पुढच्याक सांगा, मी इलंय." त्यांना वाटलं रांगेसारखं असतं, आपण आलो की पुढचा सरकतो.

परत आल्यावर गॅलरीत गर्दी झाली. असं झालंच कसं? मी म्हणाले, "नेट स्लो होतं." एवढंच. डब्याचं सांगितलं नाही. मग गर्दीतलं कोणीतरी म्हणालं, "त्या गाडीवाल्याची पोरगी ऑफिसात कॉम्प्युटरवर असते. त्याला नक्की माहीत असणार. मुद्दाम दाबून ठेवलं मेल्याने."

शेजारणीने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. तिने सुपातले खडे वेचायला सुरुवात केली.

वयनी अकराव्या खोलीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. मालवणीत शिव्या काय असतात ते मालवणी माणसालाच माहीत. त्याचं घर, त्याची पोरगी, त्याची चार तास दारात पडलेली आई, काही सोडलं नाही. तो बाहेर आला. कडी हातात धरून सगळं ऐकून घेतलं. मधे एकदा माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता बोलेल, आता म्हणेल की कागद कोणाच्या उंबऱ्यावर ठेवला ते विचारा हिला. तो बोलला नाही. वयनी दमल्या तेव्हा तो आत गेला आणि दार लावलं. हळू लावलं, आवाज न करता. त्या हळू लावण्याचा मला अजून राग येतो, का ते सांगता येत नाही.

वर्षभरात तो खोली विकून कल्याणच्या पुढे कुठे मुलीकडे राहायला गेला. नवीन माणसाला वायरीचं काही नव्हतं, त्याने उलट स्टूल धरलं. वायर सरळ गेली, सत्तर मीटर. डब्याची गरज उरली नाही. तो काढायला गेले तर वयनी म्हणाल्या, "नेतंस? ऱ्हवांदे. घरघर नसली तर झोप येवची नाय." मी नेला.

आता सगळ्यांच्या हातात फोन आहेत, माझा धंदाही संपला. चाळ पडणार, पडणार म्हणतात. वयनींची नजर अधू झालीय, तरी दर गुरुवारी पास घेऊन माझ्याकडे येतात, नवीन यादी बघायला. यादीच्या आधी त्याला शिव्या घालतात, आरतीसारख्या, एकही शब्द न चुकवता. मग मला विचारतात, "खरा की नाय गो?" मी म्हणते, "होय वयनी." आणि चहा ठेवते.

हे लिहितेय तेव्हा त्या समोरच बसल्यात. "काय लिवतंस गो एवढा?" विचारलं. म्हटलं, तुमचंच. त्यांनी वही ओढून घेतली, डोळ्यांजवळ धरली आणि एकेका ओळीवरून बोट खाली आणलं. पानं उलटून सगळं शोधलं.

"माज्या मालकांचा नाव तर नाय ह्यात."

"नाही वयनी," मी म्हटलं. ते मी मुद्दामच कुठे लिहिलं नाही. तेवढंच एक त्यांना वाचता येतं.