कोश पळवणाऱ्या मुंग्या

गेली पंचवीस वर्षं मी तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. मुंग्यांचा पाठ आला की गुलाम करणाऱ्या मुंग्यांपाशी वर्ग हमखास जागा होतो. मागच्या बाकावर डुलक्या घेणारेही मान वर करतात. मी फळ्यावर लिहिते: गण हायमेनॉप्टेरा, कुल फॉर्मिसिडी, उपकुल फॉर्मिसिनी, प्रजाती पॉलिएर्गस. मग सांगते की या मुंगीचे जबडे विळ्यासारखे वाकडे असतात. भोसकायला उत्तम, पण त्यांनी माती उकरता येत नाही, पिल्लांना भरवता येत नाही, स्वतःचं पोटसुद्धा भरता येत नाही. म्हणून या मुंग्या उन्हाळ्यातल्या दुपारी रांगेने दुसऱ्या मुंग्यांच्या वारुळावर चालून जातात आणि त्यांचे कोश तोंडात धरून घरी आणतात. काही कोश खाल्ले जातात. उरलेल्यांतून ज्या मुंग्या बाहेर पडतात, त्यांना पहिला वास लागतो तो याच घराचा. मग त्या जन्मभर या घराची माती उपसतात, पिल्लं सांभाळतात, धन्यांना घास भरवतात. त्यांना कोणी बांधून ठेवत नाही.

शेवटी वितरण. युरोप, रशियापासून जपानपर्यंतचा थंड पट्टा, उत्तर अमेरिका. कोणीतरी विचारतंच, "मॅडम, आपल्या सातपुड्यात?" मी सांगते, "आपल्याकडे आढळत नाही. लिहून घ्या." यंदा मात्र ते वाक्य माझ्याच्याने सांगवलं नाही.

मागच्या जानेवारीत, एका रविवारी दुपारी, मी जेवणाच्या टेबलावर या मुंग्यांचा तक्ता काढत बसले होते. पोरी चहा घेऊन आली. पोरी म्हणजे आमच्या घरची बाई. वय साठीला आलेलं, केस पांढरे, पण घरात तिला सगळे 'पोरी'च म्हणतात. माझा मुलगा बोबडं बोलायला लागला, तेव्हा त्यानेही तिला तीच हाक मारली, आणि आम्ही कौतुकाने हसलो.

मी चार महिन्यांची असताना आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिला सातपुड्यातल्या मोलगीच्या बाजारातून आणलं. ती सात वर्षांची होती. आमचं घर प्रकाशा गावाजवळ, तापीकाठी, केळी आणि कापसाचं. माणसं शेतात, आणि मला कडेवर घ्यायला कोणी नाही. तिच्या बापाला आप्पांनी शब्द दिला होता की होळीला परत आणून सोडतो. डोंगरात होळीला घराबाहेर कोणी राहत नाही. कुठल्याही गावी, कुठल्याही कामावर गेलेला माणूस होळीला घरी येतो. पहिल्या होळीला तिला गोवर होता. दुसऱ्या होळीला मला ताप. पुढे दोन वर्षं तिचा बाप स्वतः आला. त्याला जेवू घातलं, धोतर आणि पोतंभर ज्वारी दिली आणि वाटेला लावलं. मग तो यायचा थांबला. आमच्या घरात ही गोष्ट 'आपण नसतो तर ती मेली असती' अशी सांगतात. मीही कित्येकदा तशीच सांगितली आहे, पाहुण्यांसमोर, तिच्यादेखत.

मी तिच्याशी पुस्तकी मराठीत बोलते, ती माझ्याशी अहिराणीत. तिची डोंगरातली बोली कधीच गेली.

चहा ठेवून ती तक्त्यावर वाकली. "ह्या मुंग्या काय ली जाई ऱ्हायन्यात?"

"दुसऱ्या मुंग्यांची पिल्लं. घरी नेऊन कामाला लावतात."

"मोठ्या व्हयन्यात का मंग घर जातस का नही?"

"त्यांना माहीतच नसतं, आपण कुठल्या ते."

तिने तक्त्यातल्या मुंग्यांच्या रांगेवरून बोट फिरवलं. मग कपाची बशी सरळ करत म्हणाली, "बाप येवाना थांबना, मंग माले लेवाले कोणीच उनं नही. उनं असतं तर मी जातू." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. आणि जाता जाता, "या होळीले माले एकदाव तठे ली चाल."

पण बापानंतरही तिला न्यायला एक जण आला होता, आणि दारात मी होते.

सव्वीस वर्षांपूर्वीची होळी. मी बाळंतपणाला माहेरी आले होते. मुलगा दहा दिवसांचा. रात्रभर रडायचा आणि फक्त पोरीच्या मांडीवर गप्प व्हायचा. आप्पा शेतात, आई आत निजलेली, पोरी दुपटी धुवायला नदीवर. दारात एक तरुण उभा राहिला, धुळीने पाय माखलेले. म्हणाला, मी तिचा भाऊ. आईला बरं नाही, होळीला तिला घेऊन जातो. त्याने गावाचं नाव सांगितलं. हातात साखरेचा हार होता, होळीला लहान मुलांच्या गळ्यात घालतात तो. त्याच्या मनात ती सात वर्षांचीच राहिली असावी.

मी एम.एस्सी. झालेली बाई, मी त्याला सांगितलं, "ती सुरतला गेली. आमच्या मावशीकडे. आता येत नाही ती." इतकं सहज तोंडातून आलं की माझं मलाच नवल वाटलं. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही, ती नदीवरून येण्याआधी तो जावा म्हणून. त्याने हार माझ्या हातात दिला आणि गेला. मी तो पाळण्याच्या दोरीला बांधला. आल्यावर पोरीने विचारलं, कोणी आणला? मी म्हणाले, आप्पांनी. तिसऱ्या दिवशी त्याला मुंग्या लागल्या, तेव्हा बाळाला चावतील म्हणून तिनेच तो सोडून उकिरड्यावर टाकला. पुढच्या महिन्यात मी सासरी निघाले तेव्हा ती माझ्यासोबत आली. लग्नात भांडी आणि कपाट मिळालं होतं, बाळंतपणात पोरी मिळाली.

हे मी कोणाला सांगितलेलं नव्हतं. तिला तर नाहीच. होळी जवळ येत गेली तसा माझा जीव टांगणीला लागला. परीक्षेची कामं पुढे करून पाहिली. पण ती नवं लुगडं काढून ठेवून बसली होती. आयुष्यात तिने माझ्याकडे पहिल्यांदाच काही मागितलं होतं. शेवटी मी मनाशी म्हटलं, इतक्या वर्षांनी तो मला कुठला ओळखतोय. मी भित्री आहे, आणि भित्रं माणूस अशाच आशेवर जगतं.

मोलगीपर्यंत गाडी, पुढे जीप, मग चढावर पाऊण तास पायी. गावाचं नाव मीच जीपवाल्याला सांगितलं. ते मला कसं ठाऊक, हे तिने विचारलं नाही.

भावाचे केस तिच्याइतकेच पांढरे झाले होते. बापाला जाऊन वीस वर्षं झालेली, आईला तीन. एका म्हाताऱ्या चुलतीने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि डोंगरातल्या बोलीत भराभर बोलत राहिली, रडत राहिली. पोरीला त्यातला एक शब्द कळत नव्हता. पाहुणी हसते तशी ती हसत राहिली. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

चहा आला. भाऊ बाजारात शिकलेल्या मराठीत बोलायचा. माझ्याकडे नीट बघून त्याने विचारलं, "ताई, दारात तुम्हीच होत्या ना? सुरतला गेली म्हणाल्या होत्या."

मी कप खाली ठेवला.

"आईने हार दिलेला. हिला मिळाला का?"

पोरीने माझ्याकडे पाहिलं. मला हो म्हणायचीही लाज वाटली आणि नाही म्हणायचीही. मराठी तिला चांगली कळते. सव्वीस वर्षं मी तिच्याशी दुसऱ्या कशात बोललेच नाही.

भाऊ तिला म्हणाला, "राहा इथं. घर आहे." ती पुन्हा माझ्याकडे बघायला लागली, पण या वेळी परवानगीसाठी. साठ वर्षांची बाई, स्वतःच्या आईच्या अंगणात बसून. मी कसंबसं म्हणाले, "तुझी इच्छा." ती उठली, सगळ्यांचे रिकामे कप गोळा केले आणि रांजणापाशी बसून धुवायला लागली. चुलती तिचा हात धरून नको नको करत होती. तिने सगळे कप धुतले, पालथे घातले आणि मला म्हणाली, "चाल, उशीर व्हयी ऱ्हायना."

गावात होळीचा ढोल सुरू झाला होता. आम्ही उतरलो. जीपमध्ये ती मागे पडणाऱ्या डोंगराकडे बघत बसली. शिव्या घाल, थोबाडीत मार, काहीही कर, असं मी मनातल्या मनात म्हणत होते. पंचवीस वर्षं भाषणं देणाऱ्या बाईला माफीचे दोन शब्द सापडले नाहीत. घरी आल्यावर तिने दूध तापवलं, दाराची कडी लावली आणि झोपली.

सकाळी मी टेबलापाशी बसले होते. समोर तोच तक्ता अर्धा राहिलेला. ती चहा घेऊन आली, कप ठेवला आणि उभी राहिली. मी मान वर केली नाही.

"तवय पोऱ्या दहा दिनना व्हता ना?" ती म्हणाली. "तू खरं सांगं असतं तरी त्याले सोडीसन मी कसकाय जातू?"

आणि चहा गार होतोय म्हणून तिने कप माझ्या हाताशी सरकवला.