साडूंची सुट्टी आणि शेवटची एसटी

माझ्या साडूंइतकी सुट्टी आजवर कोणी उपभोगली नसेल, आणि सुट्टीत त्यांच्याइतकं कमी कोणी बसलंही नसेल. ते देवरुखच्या एका शाळेत कारकून. पगार बेताचा, पोरं दोन, आणि मे महिना लागला की पायाला भिंगरी. सकाळच्या एसटीने निघायचं, रत्नागिरीत मला आणि माझ्या बायकोला घरातून अक्षरशः उचलायचं, दिसेल ते पाहायचं आणि शेवटच्या गाडीने देवरुखला परत, हा त्यांचा शिरस्ता. आमच्याकडे मुक्काम करा म्हटलं तर म्हणायचे, "मुक्काम कशाला? झोपायला घर हाय की आमचं!" घावन-चटणीचा डबा बरोबर असे, आणि तो ते सहसा चालता चालताच खात. सुखरूप पोचल्याची खूण म्हणून देवरुखहून फोनच्या दोन रिंग द्यायचे आणि ठेवून द्यायचे. मी चुकून उचललाच, तर कॉलचे पैसे पडले म्हणून पुढच्या भेटीत बोलणी खायची पाळी माझ्यावर.

एका वर्षी पोरांनी थंड हवेच्या ठिकाणी जायचा हट्ट धरला. कोकण रेल्वे तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. साडूंनी सगळ्यांना पॅसेंजरमध्ये कोंबून चिपळूणला नेलं आणि मिळेल त्या पहिल्या गाडीने परत आणलं. बाहेर रणरणतं ऊन, पण बोगदा आला की अंगावर खरोखर शहारा येई. साडू खिडकीशी उभे राहून ओरडत, "घ्या रे, गार हवा घ्या! महाबळेश्वराला ह्याच्याहून काय येगळी मिळते?" पोरं खूश. चिपळूण कसं आहे, असं कोणी विचारलं की मात्र त्यांना फलाटावरचा नळ तेवढा आठवे. जयगडला लाँचने खाडी ओलांडली तेव्हाही तेच. पलीकडे सगळे लोक उतरले, साडू जागचे हलेनात. "उतरून काय करायचं? हितनं तिकडचा किनारा दिसला, तितनं हिकडचा दिसंल!" त्याच लाँचने आम्ही परत.

या धावपळीत ताईंचं, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीचं, एकच मागणं होतं. रत्नागिरीजवळ आरे-वारेच्या किनाऱ्यावर सूर्य पुरता बुडेपर्यंत बसायचं. देवरुखला सूर्य डोंगराआड जातो. समुद्रात बुडताना त्यांनी तो कधी पाहिलाच नव्हता. आणि दर वर्षी सूर्य पाण्यापासून हातभर वर असतानाच रत्नागिरीला परतणारी शेवटची एसटी यायची. साडू समुद्राकडे पाठ करून, रस्त्याच्या वळणाकडे डोळे लावून बसलेले असत. "उठा, उठा! गाडी चुकंल!" ताई चपला हातात घेऊन, सारख्या मागे वळून बघत वाळू तुडवायच्या. "फुडल्या वर्षी बघू गं," साडू म्हणायचे. "सूर्य काय पळून जातोय?"

पोरं मोठी झाली, मुलगा मुंबईला लागला, त्याचं लग्न झालं. मग अशी एक मे महिन्याची सुट्टी आली, की पुढच्या वर्षीचा काही भरवसा उरला नाही. मुलाला मुलगा झाला होता, सून नोकरीवाली. नातवाला सांभाळायला ताई जूनमध्ये मुंबईला जाणार होत्या, त्या कायमच्याच. साडूंची नोकरीची काही वर्षं बाकी होती. ते देवरुखलाच राहणार होते.

त्या संध्याकाळी आरे-वारेला ताईंनी काहीच मागितलं नाही. नुसत्या बघत बसल्या. एसटी वळणावर आली. साडूंनी धावत जाऊन हात केला, गाडी थांबली, माझ्या बायकोने चपला घातल्या. ताई मात्र उठल्या नाहीत. रुसल्या वगैरे नव्हत्या, "उठा" म्हणायची वाट बघत होत्या एवढंच. साडू त्यांच्याकडे बघत उभे राहिले.

"चला काका," कंडक्टर म्हणाला, "शेवटची हाय."

"ठाव हाय," साडू म्हणाले. "तुमी जावा."

कंडक्टरने दोनदा विचारून खात्री केली आणि मग घंटी मारली.

साडू परत आले आणि पहिल्यांदा समुद्राकडे तोंड करून बसले. बसले म्हणजे काय, तीनदा उठले, पायाची वाळू झटकली, घड्याळ पाहिलं, उगाच रस्त्याकडे मान वळवली. पण सूर्य पाण्याला टेकला तसे स्थिर झाले. शेवटचा तुकडा बुडेपर्यंत त्यांचा पाय हलला नाही.

"अगं," ते हळूच म्हणाले, "हे रोज असंच असतंय?"

"मला काय ठाव?" ताई डोळे पुसत हसल्या. "मी तरी कुठं बघितलाय?"

मासळीच्या टेंपोत बसून आम्ही घरी आलो आणि साडूंनी आमच्याकडे पहिला मुक्काम केला.

ताई मुंबईला गेल्या. त्यांच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसते. साडू आता अधूनमधून रविवारी एकटेच येतात, आरे-वारेला जातात, शेवटची एसटी सोडून देतात आणि अंधार पडल्यावर मिळेल त्या वाहनाने आमच्याकडे येऊन मुंबईला फोन लावतात. दोन रिंग देऊन ठेवत नाहीत. वायर पुरेल तेवढ्या जागेत येरझाऱ्या घालत ते बोलत राहतात.

"बुडाला गं. आज जरा ढगातच गेला. तू असतीस तर आणखी थोडा थांबलो असतो."