साखरेत न घोळवलेली सासू

आमच्या वहिनीची नोकरी हॉस्पिटलच्या चौकशीच्या खिडकीत. लोक तिच्यावर डाफरायचे, रडायचे, वॉर्ड विचारायला येऊन अख्खा जन्म सांगून जायचे. घरी आली की ती गॅसवर दूध ठेवायची आणि ओट्यावरच लिहायला लागायची. आईला, म्हणजे तिच्या सासूला, हे अजिबात खपत नसे.

"दूध उतू चाललंय, महाकवी!"

पहिली कादंबरी प्रकाशकाने परत केली. "खिडकीतल्या बाईचं कोण वाचणार? नायिकेला डॉक्टर करा." दादालाही ते पटलं. "कर ना डॉक्टर, तुझं काय जातं?"

"मग लिहायलाही एखादी डॉक्टरीणबाईच शोधा," वहिनी म्हणाली.

शेवटी एका नवख्या प्रकाशिकेने ती छापली. कौतुक बरंच झालं, खप बेताचाच. दुसरीचंही तेच. पण वहिनी हटणारी नव्हती.

तिसरी लिहून झाली तेव्हा आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्यांना विश्रांती होती, तोंडाला नव्हती. कंटाळून मला म्हणाली, "आण, ते महाकाव्य तरी वाचून दाखव."

मी वाचायला लागले. गोष्ट एका सुनेची. तिचं पोटातलं मूल जातं, आणि सासू तिला जवळ घेऊन बसते, डोक्यावरून हात फिरवते. आईने मला मध्येच थांबवलं.

"खोटं आहे हे."

वहिनी दारातच उभी होती. आई तिच्याकडे वळली. "तेव्हा मी तुला काय बोलले होते, आठवतं?"

"आठवतं."

"मग ते लिही. मला साखरेत घोळवू नकोस."

"लोक नावं ठेवतील तुम्हाला."

"ठेवू देत. बोलताना मला कुठे लाज वाटली होती?" आईने डोळ्यावरची पट्टी नीट केली. "नंतर वाटली. तेही लिही."

वहिनीने निम्मी कादंबरी मोडून पुन्हा लिहिली. त्या कादंबरीने वाचकांना असं काही धरलं की छापखान्याला दम खाऊ दिला नाही. आणि मग वर्षातला सगळ्यात मानाचा पुरस्कारही तिलाच मिळाला!

समारंभाला आई ठेवणीतले कपडे घालून पहिल्या रांगेत बसली. वहिनीने तोच प्रसंग वाचला, जसा घडला तसा. मग एकेक करत सगळे उभे राहिले आणि टाळ्या थांबेचनात. दादा तर लहान पोरासारखा रडत होता.

बाहेर एका पत्रकाराने वहिनीला गाठलं. "ती सासू खरी आहे का हो?"

वहिनी शब्द शोधतेय तोवर आई पुढे झाली. "खरी म्हणजे? तुमच्यासमोर उभी आहे!"

झालं! पुस्तक घेतलेले सगळे आईभोवती जमले. आई ऐटीत खुर्चीवर बसली, वहिनीच्या हातातलं पेन घेतलं आणि सह्या करत सुटली. वहिनी पुस्तकं उघडून देत होती आणि तिचं हसू आवरत नव्हतं. रांग जिन्यापर्यंत गेली, तेव्हा कुठे आईने मान वर केली.

"मी सरकते जरा, तूही बस," ती म्हणाली. "तुझीही सही लागेल लोकांना."