सरांनी बंद केलेली तेलुगू

बिराजदार सर गेल्याचा निरोप आला, तेव्हा मी अध्यापक विद्यालयात त्यांचाच धडा शिकवत होते... मूल बोलायला कसं शिकतं? मोठ्यांचं ऐकून, अनुकरण करून? की भाषेची जाण ते जन्मतःच घेऊन येतं? की माणसांच्या सहवासात ती उमलते? हे तिन्ही विचार सर इतके रंगून मांडायचे की तास संपला तरी विद्यार्थी वाद घालत राहायचे.

काही वर्षांपूर्वी याच तासाला त्यांनी प्रत्येकाला घरातली अंगाई म्हणायला सांगितली. नवी शिक्षिका म्हणून मीही मागं बसले होते. तेलुगू विणकर कुटुंबातली विद्यार्थिनी श्रावणी उठली. "सर, मला तेलुगू येत नाही. मी उशिरा बोलायला लागले. बालवाडीत आलेले एक सर आईला म्हणाले, दोन भाषांनी पोर गोंधळतंय, घरात मराठीच बोला. अव्वाला, म्हणजे आजीला, मराठी यायची नाही. ती माझ्याशी बोलेनाशीच झाली. शेवटच्या घटकेला हात धरून काहीतरी सांगत होती... मला कळलं नाही."

सरांनी बालवाडी कुठली ते विचारलं. तिनं सांगितलं. सर खुर्चीत बसले ते तास संपेपर्यंत उठलेच नाहीत.

संध्याकाळी मला सोबत घेऊन ते तिच्या घरी गेले. तिची आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. "ते सांगणारा मीच," एवढंच सरांना बोलता आलं.

"तुमी शिकलेली माणसं. पोरीच्या भल्याचं सांगताय म्हणून सासूला मीच गप बसवलं की, सर," ती शांतपणे म्हणाली. ती चिडली असती तर बरं झालं असतं. सरांची मान वर झाली नाही. चहा तसाच निवून गेला.

परतताना मी म्हणाले, "तेव्हा पुस्तकांतही तसंच लिहिलेलं असायचं, सर."

"पुस्तक त्या घरात गेलं नव्हतं. मी गेलो होतो."

त्यानंतर दरवर्षी ही हकीकत ते स्वतःच्या नावानिशी वर्गात सांगत. सांगताना खिडकीबाहेर बघत. लाज झाकायची सवलत त्यांनी स्वतःला कधी दिली नाही. उशिरा बोलणाऱ्या मुलाला घेऊन आईवडील आले, की ते आधी विचारत, "आजी कुठं आहे? तिलाही घेऊन या की." त्याशिवाय ते सल्ला देत नसत.

त्यांच्या खोलीत टेबलासमोर आईवडिलांच्या दोन खुर्च्यांशेजारी आजीसाठी तिसरी खुर्ची असायची. परवा शिपाई ती न्यायला आला... मी नेऊ दिली नाही.